चॅप्टर ११ मध्ये "घाई काय आहे" म्हणत बसलेल्या कंपनीचं नक्की काय होतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाला उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. तुम्ही एका अमेरिकन कंपनीच्या खरेदी विभागात आहात. कंपनी साधारण दीड वर्ष चॅप्टर ११ मध्ये आहे, म्हणजे अमेरिकन दिवाळखोरी कायद्याच्या त्या भागात जिथे कंपनी कोर्टात अर्ज करते, धंदा चालू ठेवते आणि जुन्या देण्यांचा निकाल लावते. वरचे लोक म्हणतात की कोर्टाचं संरक्षण आहे, जुने क्रेडिटर्स, म्हणजे ज्यांचे पैसे कंपनीकडे अडकलेत ते, आपल्याला हात लावू शकत नाहीत, मार्केट सुधारेपर्यंत थांबू आणि मग चांगल्या अटींवर बाहेर पडू. तुम्हाला हे जाणून घ्यायचंय की यात धोका काय, जास्तीत जास्त किती महिने "सेफ" धरायचे, आणि सप्लायरचे फोन येतात त्यांना काय सांगायचं.

मी वकील नाही. अडचणीत आलेल्या कंपन्यांचा कॅश फोरकास्ट बनवायचा, तो लेंडर्स आणि क्रेडिटर्सपुढे मांडायचा आणि मग दोन्हीकडून बोलणी खायची, हे माझं काम, आणि ते बरीच वर्षं करतोय. त्यामुळे खाली लिहिलंय ते पैशाच्या बाजूने बघणाऱ्या माणसाचं मत आहे, कायद्याचा सल्ला हवा असेल तर तो तुमच्या केसची फाइल वाचलेल्या वकिलाकडूनच घ्या.

आधी महिन्यांचा आकडा. तो मी देणार नाही कारण असा आकडा नसतोच. डब्ल्यू. आर. ग्रेस ही केमिकल कंपनी एप्रिल २००१ मध्ये आत गेली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये बाहेर आली, जवळजवळ १३ वर्षं, आणि तरी चांगली धडधाकट बाहेर आली. ईस्टर्न एअरलाइन्स मार्च १९८९ मध्ये आत गेली आणि जानेवारी १९९१ मध्ये कायमची बंद पडली, पुरती २ वर्षंही नाहीत. सर्किट सिटी ही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची मोठी साखळी नोव्हेंबर २००८ मध्ये आत गेली आणि जानेवारी २००९ मध्ये सगळं विकून टाकायचा निर्णय झाला. म्हणजे कॅलेंडरकडे बघून काही कळत नाही. माझ्याकडे नवीन केस आली की मी पहिल्यांदा एवढंच शोधतो की हा महिना कोणाच्या पैशावर चाललाय. कंपनी धंद्यातून स्वतःचा खर्च काढतेय, की दुसऱ्या कोणाच्या वाट्याचे पैसे जाळून दिवस ढकलतेय? तुम्हाला ज्या ज्या धोक्यांची भीती वाटतेय ते सगळे फिरून याच प्रश्नापाशी येतात.

आता "संरक्षण" कशापासून असतं ते बघू, कारण गैरसमज इथेच होतो. अर्ज दाखल झाला की त्या क्षणापासून जुन्या देण्यांची वसुली थांबते, दावे थांबतात, जप्ती थांबते. पण हे संरक्षण फक्त त्या तारखेच्या आधीच्या देण्यांपुरतं आहे. त्या तारखेनंतरचा पगार, भाडं, माल, वीज, टॅक्स, सगळं पूर्ण आणि वेळेवर द्यावं लागतं, आणि कायद्याच्या उतरंडीत हा नवीन खर्च जुन्या साध्या (म्हणजे तारण नसलेल्या, अनसिक्युअर्ड) क्रेडिटर्सच्या वर बसतो. त्याच्याही वर बहुतेक वेळा डीआयपी लोन असतं, म्हणजे केस चालू असताना कंपनी चालवायला मिळालेलं नवीन कर्ज, ज्याला कोर्ट सगळ्यात वरचा नंबर देतं कारण त्याशिवाय अशा कंपनीला कोणी पैसेच देणार नाही. म्हणजे थांबलेला प्रत्येक महिना उतरंडीच्या वरच्या टोकाला एक नवीन थर चढवतो आणि खालचे लोक आणखी खाली जातात. जुन्या अनसिक्युअर्ड कर्जावर व्याज लागत नाही हे खरंय, आणि म्हणूनच मॅनेजमेंटला थांबणं फुकटात पडल्यासारखं वाटतं, पण ज्या लेंडरचं तारण कर्जापेक्षा जास्त किमतीचं आहे त्याचं व्याज चढतच असतं आणि तो घेणार सगळ्यांच्या आधी. तेव्हा फुकट वगैरे काही नाही, बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतंय इतकंच.

आणि इथे हितसंबंध फाटतात. थांबल्यावर मार्केट सुधारलं तर फायदा शेअरहोल्डर्सना, तळाच्या क्रेडिटर्सना आणि खुर्चीवरच्या मॅनेजमेंटला. नाही सुधारलं तर त्यांचं तसंही काही उरलेलं नसतं, नुकसान मधल्या लोकांचं. ज्याला हरण्यासारखं काही नाही तो कायम "अजून थोडं थांबू" म्हणणार, त्यात त्याचा दुष्टपणा असतो असंही नाही, त्याच्या जागेवरून ते शहाणपणाचंच दिसतं. उलट वरचा सिक्युअर्ड, म्हणजे तारण घेतलेला, लेंडर ज्याचे पैसे आजच्या किमतीत पूर्ण निघतायत तो म्हणणार की उद्याच विका. कंपनीच्या भल्याच्या गप्पा दोघेही मारतात. मी मीटिंगमध्ये कोण काय बोलतोय यापेक्षा तो उतरंडीत कुठे बसलाय ते आधी बघतो, मग त्याचं बोलणं बहुतेक वेळा आधीच ओळखता येतं.

ईस्टर्नचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. संप चालू असताना कंपनी कोर्टात गेली. तेव्हा तिच्याकडे विमानं, रूट्स, गेट्स अशी इतकी मालमत्ता होती की क्रेडिटर्सचे पैसे भागले असते. मग एकेक तुकडा विकला गेला आणि त्यातली मोठी रक्कम क्रेडिटर्ससाठी वेगळी ठेवली गेली. पण विमानं उडवून रोजचा तोटा होतच होता, आणि तो भरायला त्याच बाजूला ठेवलेल्या पैशातून पुन्हा पुन्हा रक्कम काढायला कोर्टाने परवानगी दिली. दर वेळी कारण तेच, की आत्ता थांबवलं तर सगळंच जाईल. एप्रिल १९९० मध्ये मॅनेजमेंट काढून ट्रस्टी, म्हणजे तिच्या जागी कंपनी चालवणारा बाहेरचा माणूस, नेमला, तरीही उड्डाणं चालूच राहिली. नंतर अभ्यासकांनी हिशोब मांडला तेव्हा या काळात कंपनीची किंमत निम्म्याहून जास्त घटल्याचं दिसलं. तो पैसा कोणी चोरला नव्हता, थांबण्यात गेला.

फीबद्दल थोडं, कारण पेपरात तेच छापून येतं. चॅप्टर ११ मध्ये कंपनी स्वतःच्या वकिलांची आणि सल्लागारांची फी देते, क्रेडिटर्स कमिटीच्या वकिलांची आणि सल्लागारांचीही देते, आणि बहुतेक वेळा लेंडरच्या वकिलांचीही. म्हणजे तुमच्याशी भांडणाऱ्याचाही खर्च तुम्हीच करता. शिवाय यूएस ट्रस्टीला, म्हणजे अशा केसेसवर नजर ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाला, दर तिमाहीला फी जाते, ती तिमाहीतल्या खर्चाच्या प्रमाणात ठरते. नॉर्टेल ही कॅनडातली टेलिकॉम कंपनी जानेवारी २००९ मध्ये अमेरिका, कॅनडा, युरोप अशी एकदम कोर्टात गेली. धंदे आणि पेटंट विकून साधारण ७.३ अब्ज डॉलर जमले आणि मग ते कोणत्या देशाच्या क्रेडिटर्सनी वाटून घ्यायचे यावर इतकी वर्षं भांडण चाललं की सगळीकडची मिळून फी २ अब्ज डॉलरच्या आसपास गेली. माझीही फी अशाच पैशातून निघते, त्यामुळे फीला नावं ठेवायचा मला फारसा अधिकार नाही. पण खरं सांगायचं तर चालू कंपनीत फी हे सर्वात मोठं नुकसान नसतं. ती निदान मोजता येते.

मोठी गळती धंद्यात होते आणि ती हळूहळू होते. तुम्ही खरेदीत आहात तर हे रोज बघत असाल: आधी ६० दिवसांचं क्रेडिट देणारा सप्लायर आता ३० वर आला, मग १५, मग ॲडव्हान्स मागायला लागला. त्याने किंमत वाढवलीच नाही, तरी तुमच्या कंपनीला तेवढाच माल आणायला आता जास्त कॅश अडकवावी लागते आणि ती कॅश डीआयपी लोनमधून येते, जे महाग असतं. फोरकास्टमध्ये मला ही रेघ सगळ्यात आधी हलताना दिसते, विक्री पडायच्याही आधी. मग कस्टमर. ज्याचा माल एकदा घेतला की संपला, त्याला तुम्ही कोर्टात आहात की नाही याचं काही नाही. पण ज्या मालाला वॉरंटी, सुटे भाग, सर्व्हिस, अपग्रेड लागतं तिथे गिऱ्हाईक विचारतो की ही कंपनी ५ वर्षांनी असेल का. जनरल मोटर्स १ जून २००९ ला आत गेली आणि तिचा चांगला भाग नवीन कंपनी म्हणून १० जुलैला बाहेर पडला, ४० दिवसांत. क्रायस्लरचंही तसंच, ४२ दिवस. सरकारी पैसा मागे होता म्हणून जमलं हे आहेच, पण एवढी घाई करण्यामागचं कारण हेच होतं की दिवाळखोर कंपनीची गाडी लोक घेत नाहीत, आणि प्रत्येक आठवड्याला विक्री घसरणार हे सगळ्यांना दिसत होतं.

माणसांचं तर विचारूच नका. ज्याला बाहेर नोकरी मिळते तो आधी जातो, म्हणजे जातात ते चांगले. दिवाळखोरी कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वरच्या अधिकाऱ्यांना नुसतं थांबण्यासाठी बोनस देणं जवळपास अशक्य झालंय, बाहेरची खरी ऑफर हातात आहे वगैरे दाखवावं लागतं, म्हणून सगळे टार्गेटवाले बोनस डिझाइन करत बसतात. खालच्या लोकांना थांबण्याचा बोनस देता येतो पण तोही एकदा दिला, मुदत संपली, की पुन्हा काय? सहा महिन्यांच्या केससाठी आखलेला बोनस दीड वर्षाच्या केसला पुरत नाही. आणि जे राहतात त्यांचा निम्मा वेळ कोर्टासाठी रिपोर्ट बनवण्यात जातो. रोजच्या व्यवहाराबाहेरचं काही करायचं, एखादी फॅक्टरी विकायची, मोठा करार करायचा, तर कोर्टाची परवानगी आणि त्याआधी साधारण २१ दिवसांची नोटीस. स्पर्धक ते सगळं वाचत असतो. तुमचे महिन्याचे आकडेही पब्लिक असतात, कॅश किती उरली ते त्याला तुमच्या सेल्सवाल्यांपेक्षा आधी कळतं.

याचा एक वेगळाच परिणाम अमेरिकन एअरलाइन्सच्या बाबतीत दिसला. तिची मूळ कंपनी एएमआर नोव्हेंबर २०११ मध्ये आत गेली, मॅनेजमेंटचा विचार होता की स्वतंत्रपणे बाहेर पडायचं. यूएस एअरवेजने एप्रिल २०१२ मध्ये थेट अमेरिकनच्याच युनियन्सशी बोलणी करून त्यांचा पाठिंबा मिळवला, आणि डिसेंबर २०१३ मध्ये कंपनी बाहेर पडली ती मर्जर होऊन, सीईओ यूएस एअरवेजचा. क्रेडिटर्सचं यात भलंच झालं, जुन्या शेअरहोल्डर्सनाही काही मिळालं, तेव्हा याला वाईट म्हणायचं कारण नाही. पण "आपण सावकाश आपल्या अटींवर" म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की आत असताना कंपनी उघड्यावर असते, आणि जितका वेळ जास्त तितका बाहेरच्याला डाव रचायला वाव.

आता तुमच्या दीड वर्षाकडे येतो. ही वेळ योगायोगाने फार नाजूक आहे. सुरुवातीला फक्त कंपनीलाच रीऑर्गनायझेशन प्लॅन, म्हणजे कोणाला किती द्यायचं आणि कंपनी बाहेर कशी पडणार याची योजना, मांडायचा हक्क असतो. मूळ मुदत १२० दिवस, कोर्ट ती वाढवू शकतं, पण अर्जाच्या तारखेपासून १८ महिन्यांच्या पुढे नाही, आणि प्लॅनला मंजुरी मिळवायला २० महिने. पूर्वी वरची मर्यादाच नव्हती. म्हणून डिसेंबर २००२ मध्ये आत गेलेली युनायटेड एअरलाइन्स ही मुदत वाढवत वाढवत फेब्रुवारी २००६ पर्यंत आत राहू शकली. नवीन मर्यादा १७ ऑक्टोबर २००५ पासूनच्या केसेसना लागू झाली. तुमच्या कंपनीची १८ महिन्यांची तारीख बहुधा याच सुमारास येतेय. ती गेली की कोणताही क्रेडिटर स्वतःचा प्लॅन टाकू शकतो, कंपनी तोडून विकायचासुद्धा, आणि मॅनेजमेंटच्या हातातला सगळ्यात मोठा पत्ता गेला. जे म्हणतात घाई नाही, त्यांना ही तारीख विचारा, चेहरा बघा.

दुकानं किंवा ऑफिसच्या भाडेकरारांची मुदत याहून कडक आहे. ठेवायचे की सोडायचे हे १२० दिवसांत ठरवायचं, कोर्ट फार तर ९० दिवस वाढवतं, पुढे घरमालक राजी असेल तरच. रिटेल कंपन्या यात फार अडकतात कारण दुकानं रिकामी करायचा सेल करायलाच काही महिने लागतात, मग लेंडर उलटं मोजायला लागतो आणि अर्ज दाखल झाल्यापासून काही आठवड्यांत म्हणतो की दाखवा काय प्लॅन आहे नाहीतर विका. सर्किट सिटीला दोनच महिने का मिळाले त्याचा एक भाग यात आहे. तुमची कंपनी दीड वर्ष टिकली म्हणजे हा टप्पा मागे पडलाय, सोडून देऊ.

तिसरी तारीख दोन वर्षांची आणि ती थेट तुमच्या टेबलावर येईल. अर्जाच्या आधीच्या ९० दिवसांत कंपनीने ज्यांना पैसे दिले ते परत मागायचे दावे टाकायला २ वर्षांची मुदत असते. बहुतेक केसेस तोपर्यंत संपलेल्या असतात किंवा सप्लायरशी काही ना काही समझोता झालेला असतो. पण केस लांबली तर ही मुदत कंपनी आत असतानाच येते, मग वकील म्हणतात हक्क बुडायला नको, दावे टाका, आणि ज्या सप्लायरला तुम्ही सकाळी क्रेडिट वाढवून मागितलं त्यालाच दुपारी कोर्टाची नोटीस जाते. मी हे बघितलंय. खरेदीवाल्यांना कोणी आधी सांगितलेलंही नसतं. आजच तुमच्या लीगलला विचारून ठेवा की महत्त्वाच्या सप्लायर्सना यातून वगळणार आहात का, किंवा निदान मुदत वाढवायचा लेखी करार करणार का.

मार्केट सुधारेल या आशेबद्दल मात्र दोन उदाहरणं पुरेत. डेल्फाय ही ऑटो पार्ट्सची कंपनी ८ ऑक्टोबर २००५ ला आत गेली, नवीन कायदा लागू व्हायच्या ९ दिवस आधी. सव्वादोन वर्षांनी, जानेवारी २००८ मध्ये, कोर्टाने प्लॅन मंजूर केला, गुंतवणूकदार २.५५ अब्ज डॉलर घालणार होते, साध्या क्रेडिटर्सना शेअर्सच्या रूपाने भरीव काहीतरी मिळणार होतं. सगळं ठरलं. एप्रिल २००८ मध्ये, पैसे यायच्या दिवशी, गुंतवणूकदारांनी अंग काढून घेतलं. मग सप्टेंबर आला, बँका कोसळल्या, गाड्यांची विक्री आपटली, आणि डेल्फाय बाहेर पडली ऑक्टोबर २००९ मध्ये, लेंडर्स आणि जनरल मोटर्सच्या हातात, पेन्शन योजना सरकारी विमा संस्थेकडे गेल्या, साध्या क्रेडिटर्सच्या हाती जवळपास काही लागलं नाही. २००६-०७ मध्ये बाजारात पैसा स्वस्त होता तेव्हा बाहेर पडली असती तर चित्र वेगळं असतं असं मला वाटतं. अर्थात २००८ कोणाला दिसत होतं? पण मुद्दा तोच, थांबताना आपण फक्त चांगल्या बातमीची वाट बघतोय असं वाटतं आणि वाईट बातमीही त्याच रस्त्याने येत असते.

दुसरं कोडॅक. जानेवारी २०१२ मध्ये आत गेली तेव्हा तिच्या डिजिटल फोटोच्या पेटंटची किंमत २.२ ते २.६ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज कागदावर होता. लिलाव लांबत गेला आणि वर्षाच्या शेवटी सौदा झाला साधारण ५२ कोटी ७० लाख डॉलरला. एकमेकांशी भांडणारे मोठे खरेदीदार एकत्र येऊन बोली लावत होते, आणि पुढचं कर्ज मिळायला पेटंट निदान ५० कोटींना विकली गेलीच पाहिजेत ही अट सगळ्यांना माहीत होती. अंदाजच फुगवलेला होता असं म्हणणारे आहेत आणि त्यात तथ्य असेल. तरी ज्याची मजबुरी आणि मुदत दोन्ही कोर्टाच्या फाइलमध्ये वाचता येते त्याला भाव कोण देणार?

आता दुसरी बाजू, कारण काही लोक हे वाचून म्हणतील की मग पळा बाहेर. तसंही नाही. ग्रेस १३ वर्षं राहू शकली कारण तिचा धंदा नफ्यात होता, भांडण ॲस्बेस्टॉसच्या दाव्यांचं होतं, किती लोक आजारी पडतील आणि किती भरपाई द्यायची यावर. ते सुटायला वेळ लागणारच होता आणि दरम्यान कंपनी स्वतःच्या कमाईवर चालत होती, कोणाच्या वाट्याचं जळत नव्हतं. एनर्जी फ्यूचर ही टेक्सासची वीज कंपनी एप्रिल २०१४ ते मार्च २०१८ अशी जवळजवळ ४ वर्षं अडकली, कारण तिच्या वीज वहन कंपनीचे सौदे एकामागून एक फिसकटत गेले, राज्याच्या नियामकाच्या अटींपाशीच गाडी अडत होती, शेवटी सेम्प्राने घेतली. अशा ठिकाणी वेळ कंपनीच्या हातात नसतो. आणि घाईने बाहेर पडण्याचाही तोटा आहे: स्पिरिट एअरलाइन्स नोव्हेंबर २०२४ मध्ये आत गेली, मार्च २०२५ मध्ये बाहेर आली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा आत. कर्ज कमी केलं पण उडवायचा खर्च तसाच राहिला तर हे असं होतं. युनायटेड ३ वर्षांहून जास्त राहून टिकली, हेही खरं, फक्त त्यात कर्मचाऱ्यांच्या पेन्शन योजना बंद होऊन सरकारी विमा संस्थेवर गेल्या आणि त्यातला ६.६ अब्ज डॉलरचा बोजा त्या संस्थेने उचलला. टिकली ती कोणाच्या पैशावर, हा प्रश्न तिथेही आहेच.

भारतातल्या कायद्याशी तुलना कोणीतरी करेलच म्हणून एवढंच: तिथे मॅनेजमेंट बाजूला होतं, २०१९ पासून ३३० दिवसांची मर्यादा आहे, तरी केसेस लांबतात आणि किंमत तशीच झिजते. जेट एअरवेज जून २०१९ मध्ये दाखल झाली, प्लॅन २०२१ मध्ये मंजूर झाला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. दरम्यान स्लॉट्स, पायलट, प्रवासी सगळे कधीच दुसरीकडे गेले होते.

तर आतापर्यंतचं थोडक्यात: संरक्षण जुन्या देण्यांपुरतं आहे, नवीन खर्च वर चढत जातो, धंदा बाजूने गळतो, कायद्याच्या तारखा एकेक करून कंपनीच्या हातातलं काढून घेतात. हे सगळं एकत्र आलं की जी अवस्था येते तिची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते, आणि तुमच्या सप्लायर्सनाही तिच्याशीच देणंघेणं आहे.

ती म्हणजे केस चालू असताना झालेला नवीन खर्चच भागवायला पैसे उरत नाहीत. चॅप्टर ११ चा प्लॅन मंजूर व्हायचा तर हा खर्च पूर्ण द्यावा लागतो, संबंधितांनी स्वतःहून सूट दिली तर वेगळं. पैसे नसतील तर प्लॅनच होत नाही, मग केस चॅप्टर ७ मध्ये, म्हणजे कंपनी बंद करून सगळं विकायच्या मार्गावर, जाते किंवा लेंडर सगळं विकून घेतो. आणि चॅप्टर ७ झालं की त्याच्या ट्रस्टीचा खर्च चॅप्टर ११ च्या न दिलेल्या बिलांच्याही आधी येतो. म्हणजे "कोर्टात गेल्यानंतर माल दिलाय, आमचे पैसे सुरक्षित आहेत" असं समजणारा सप्लायर अचानक रांगेत बराच मागे जातो. टॉईज आर अस सप्टेंबर २०१७ मध्ये आत गेली, ३ अब्ज डॉलरहून जास्त नवीन कर्ज मिळालं, सप्लायर्सनी सुट्ट्यांच्या हंगामासाठी भरवशाने माल दिला, हंगाम वाईट गेला आणि मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतली दुकानं बंद करायचं जाहीर झालं. केस चालू असताना दिलेल्या त्या मालाचे पूर्ण पैसे कित्येकांना मिळाले नाहीत, तडजोडीत एक हिस्सा मिळाला. तिथे केस ६ महिनेच चालली होती, लक्षात घ्या. जास्त काळ राहिल्याने ही वेळ येण्याची शक्यता वाढत जाते, पण ती लवकरही येऊ शकते.

तुम्ही काय बघायचं? कंपनी दर महिन्याला कोर्टात एक ऑपरेटिंग रिपोर्ट टाकते, तो कोणालाही वाचता येतो. त्यात मी आधी महिन्याची आवक-जावक बघतो, सलग तीन-चार रिपोर्ट शेजारी ठेवून, एकट्या महिन्याला अर्थ नाही. मग केस सुरू झाल्यानंतरची थकलेली बिलं असा एक आकडा असतो, तो शून्याच्या जवळ असायला हवा. तो वाढायला लागला तर माझ्या दृष्टीने दुसरं काही बघायची गरज नाही. मग आतापर्यंतची फी, आणि ती महिन्याच्या ऑपरेटिंग नफ्याशी ताडून. शेवटी डीआयपी लोनची मुदत किती वेळा वाढली आणि प्रत्येक वेळी लेंडरने बदल्यात काय मागितलं. नुसती मुदत वाढली तर लेंडर निवांत आहे. मुदतीबरोबर विक्रीच्या तारखा घातल्या गेल्या तर निर्णय मॅनेजमेंटच्या हातातून गेलाय, ते तुम्हाला सांगोत न सांगोत. आणि हो, जुन्या सप्लायर्सनी आपले क्लेम फंडांना विकले असतील तर तेही बघा. लांबलेल्या केसमध्ये हे हमखास होतं, ज्याला तुमच्याशी पुढे धंदा करायचा होता तो टेबलावरून उठतो आणि ज्याला फक्त स्वस्तात घेतलेल्या कागदावर नफा हवाय तो येऊन बसतो. त्याच्याशी वाटाघाटी करणं फार वेगळं काम आहे.

धंद्यातून कॅश येतेय, थकलेली बिलं नाहीत आणि अडलंय ते एखाद्या दाव्यावर किंवा परवानगीवर, असं असेल तर तुमच्या वरिष्ठांचं बरोबर असू शकतं, थांबू द्या त्यांना. कॅश फक्त लोनमधून किंवा मालमत्ता विकून येत असेल तर "मार्केट सुधारेपर्यंत" ही योजना नाही, आणि तुम्ही स्वतःसाठी बाहेर बघायला सुरुवात केलेली बरी. निदान रेझ्युमे तयार ठेवा.

सप्लायरला काय सांगायचं ते राहिलं. खोटं आश्वासन देऊ नका, तुमचा शब्द पुढच्या नोकरीतही लागणार आहे. "कोर्टाने हमी दिलीय" असं कोणी तुम्हाला बोलायला सांगितलं तर बोलू नका, कारण कोर्ट अशी हमी देत नाही, फक्त रांगेतला नंबर देतं. त्याला सांगा की आमचा महिन्याचा रिपोर्ट अमुक ठिकाणी आहे, स्वतः वाच. उधारी एकदम बंद करण्यापेक्षा एका वेळी जास्तीत जास्त किती अडकू द्यायची त्याचा आकडा ठरव, आठवड्याला बिल लाव, पैसे आले की पुढचा ट्रक सोड. अर्जाच्या आधीच्या २० दिवसांत आमच्याकडे पोचलेल्या मालाचा क्लेम त्याने वेगळा लावलाय का तेही विचारा, कारण त्याला वरचा नंबर मिळतो आणि लहान सप्लायर्स हे अजूनही विसरतात, मुदत निघून गेली असेल तर त्याच्या वकिलाला विचारायला सांगा. मोठे सप्लायर हे सगळं आधीच करत असतात. फोन तुम्हाला येतात ते लहानांचे, त्यांना एवढं सांगितलंत तरी कंपनीचं काही बिघडत नाही, माल येत राहतो.